कृत्तिकांच्या शेजारचा काळा ओरखडा: फोटोतली चूक की खरंच आकाशात आहे?

ओंजळभर_तारे

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबलंय, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितेच.

मागच्या अमावास्येला धरून तीन रात्री माण तालुक्यात मामाच्या वस्तीवर काढल्या. घर रानातच आहे, गाव दोन किलोमीटरवर. शेतीची थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. त्यामुळे मामा कांद्याला दारं धरायला खाली आणि मी स्लॅबवर, असं दोघांचंही जागरण. विहिरीवरचा बल्ब त्याने माझ्यासाठी काढून ठेवला आणि बॅटरीला लाल जिलेटीन गुंडाळलं.

सामान असं: क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर, १३५ मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर, आणि छोटा ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवत ठेवणारं यंत्र). कृत्तिकांपासून पूर्वेकडे सरकत तीन फ्रेम जोडायचा बेत होता. कृत्तिकांची पहिली फ्रेम ठीक आली. दुसरी तिच्या पूर्वेला आठेक अंश आणि थोडी उत्तरेला. तिथे ९० सेकंदांचे १२४ सब, म्हणजे सुटे फोटो, घेतले, म्हणजे तीन तासांच्या किंचित वर, आयएसओ १६००. सकाळी मामाच्या पांढऱ्या उपरण्याची दुहेरी घडी लेन्सवर ताणून फ्लॅट घेतले (लेन्सच्या कडेचा काळोख आणि डाग वजा करायला काढतात ते कोऱ्या उजेडाचे फोटो).

पुण्याला आल्यावर सगळे सब एकावर एक जोडून (स्टॅक) मंद भाग उजळला (स्ट्रेच) तर फ्रेमच्या वरच्या उजव्या बाजूकडून खाली डावीकडे उतरणारा एक काळा ओरखडा दिसला. काजळ पुसताना बोट ओढलं जावं तसा. मध्ये दोनतीन ठिकाणी तो जाड होतो, पुन्हा बारीक होतो. डाव्या बाजूला आणखी काही काळपट डाग आहेत, पण त्यांच्या कडा इतक्या स्पष्ट नाहीत. ओरखड्यात तारे जवळपास नाहीतच. शंभर टक्के झूम केलं तर त्याच्या काठावरचे तारे बाकीच्यांपेक्षा पिवळट-तांबूस वाटतात. मला वाटतंय असं नाही ना, म्हणून भावाला काहीही न सांगता दाखवलं. तोही म्हणाला, "कडेचे तारे गंजल्यासारखे आहेत."

पहाटे लेन्सवर दव आलं होतं, त्याचा हा डाग असेल का? की फ्लॅट बिघडले? आणि आकाशातच काही असेल, तर तिथे इतका अंधार का? एका ओळखीच्यांनी सांगितलं की "अशाच जागी तारे जन्मतात". जिथे एकही तारा दिसत नाही तिथे तारे जन्मतात, हे मला काही केल्या पटत नाहीये. कुणी समजावून सांगेल का?

स्टॅकवाला

फ्लॅटचाच प्रॉब्लेम वाटतोय. कापडाच्या घडीने प्रकाश सारखा पसरत नाही. बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आकाशाचा नको असलेला उजेड वजा करणं) चालव, आकाशाचा उजेड मोजायचे सॅम्पल पॉइंट भरपूर टाक, डिग्री ४ ठेव. दोन मिनिटांत सगळं सपाट होईल.

डार्करूम_सांगली

बाळ, थांब. वरच्या सल्ल्याप्रमाणे काही करायच्या आधी ही फाइल दुसऱ्या ठिकाणी कॉपी करून ठेव. स्ट्रेच न केलेला मूळ स्टॅक कधीही पुसायचा नाही. स्टॅकवाल्यांवर माझा राग नाही. पण ते जे करायला सांगताहेत तेच मी एकदा माझ्या हातांनी केलंय, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

मी ३१ वर्षं सांगलीत स्टुडिओत काम केलं, त्यातली बरीचशी डार्करूममध्ये. १९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघंतिघं आटपाडीच्या बाजूला माळावर गेलो होतो. ट्रॅकर म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, त्यात एक लांब स्क्रू, आणि तो स्क्रू घड्याळाकडे बघत मिनिटाला एक फेरा असा हाताने फिरवायचा. ५० मिलिमीटरची लेन्स, ४०० एएसएची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, १२ मिनिटांचं एक्स्पोजर. ज्येष्ठा मधोमध घेतली होती. घरी येऊन प्रिंट काढली तर ज्येष्ठेच्या डाव्या अंगाला एक काळी वाट उमटलेली. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये ती वाट वर येताना मी पाहिली आणि माझ्या मनात एकच विचार आला: निगेटिव्हला डेव्हलपर सारखा लागला नाही, इथे डाग राहिला. मग मी सवयीने डॉजिंग केलं. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावून एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) प्रकाशात हलवत राहायचं, म्हणजे तेवढा भाग उजळतो. लग्नाच्या फोटोत नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आम्ही अशीच घालवायचो. आठ प्रिंट काढल्या. आठही छान सपाट. सात वाटून टाकल्या.

पाच वर्षांनी वाचनालयात एका जुन्या मासिकात त्याच भागाचा बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञांनी काढलेला फोटो दिसला, त्यात तीच वाट होती. जिथे मी पुठ्ठा हलवला होता, अगदी तिथेच. निगेटिव्ह जपून ठेवली होती म्हणून वाचलो. पुन्हा प्रिंट काढल्या, पुठ्ठ्याला हात न लावता, आणि ज्यांना ज्यांना दिल्या होत्या त्यांच्यातल्या चौघांकडे जाऊन बदलून दिल्या.

आता तुझ्या फोटोबद्दल. तुझी चूक झालेली नाही. तू जागा सांगितलीस, ओरखड्याची दिशा सांगितलीस, तेवढं पुरेसं आहे. तुझ्या फ्रेममध्ये वृषभेतला काळा मेघ आलाय, आणि तो ओरखडा म्हणजे बर्नार्ड २११ आणि २१३. धागा एकच आणि लांब, पण बर्नार्डच्या यादीत त्याला नंबर दोन मिळालेत. आपल्यापासून साधारण ४५० प्रकाशवर्षांवर. धाग्याची लांबी दहा प्रकाशवर्षांहून जास्त आहे.

मराठीत याला "कृष्ण तेजोमेघ" म्हणतात. मला तो शब्द कधीच रुचला नाही, कारण त्यात तेज कुठेच नाही. मी नुसतं "काळा मेघ" म्हणतो. ज्याला दिसायचं त्याला तेवढ्याने दिसतं.

पण माझं ऐकून गप्प बसू नकोस, स्वतः तपास. पुढच्या वेळी तीच फ्रेम लाव, पण कॅमेरा ९० अंशात फिरवून. एकूण वीस मिनिटांचे सब पुरे. डाग कॅमेऱ्याबरोबर फिरला तर तो लेन्सचा, दवाचा नाहीतर सेन्सरचा. ताऱ्यांबरोबर जागच्या जागी राहिला तर तो आकाशाचा. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे आणि आत्ताच करता येईल: तारे मोज. लेन्सच्या कडेला प्रकाश कमी पडतो तेव्हा आकाश काळवंडतं, पण तारे सगळे गायब होत नाहीत, मंद का होईना, दिसतात. काळ्या मेघात तारेच कमी होतात. ओरखड्यावर एक चौकोन आखायचा, तेवढाच चौकोन त्याच्या बाजूला आखायचा, आणि दोन्हींतले तारे मोजायचे. भाऊ "गंजलेले" म्हणाला ना, त्याची नजर चांगली आहे. मावळतीचा सूर्य धुळीतून तांबूस दिसतो तसे ते मागचे तारे मेघाच्या पातळ काठातून तांबूस दिसताहेत. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी. लेन्सच्या दोषाने तारे असे रंग बदलत नाहीत.

बर्नार्डबद्दल थोडं सांगतो, कारण तुला पडलेला प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि त्यांना उत्तर मिळायला आयुष्यातली बरीच वर्षं लागली. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड, जन्म १८५७, अमेरिकेत नॅशव्हिलला. घरची परिस्थिती फार हलाखीची. नऊ वर्षांचे व्हायच्या सुमारास फोटो स्टुडिओत कामाला लागले. तेव्हा एन्लार्जरला विजेचा दिवा नव्हता, सूर्यप्रकाश वापरायचे. सूर्य सरकेल तसा तो अवजड एन्लार्जर दिवसभर सूर्याकडे वळवत राहायचा, हे त्या पोराचं काम. डार्करूमवाल्याला हे वाचून काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. सूर्यामागे कॅमेरा फिरवत मोठा झालेला मुलगा पुढे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवत राहिला.

१९०५ मध्ये दहा इंची ब्रूस दुर्बीण घेऊन ते माउंट विल्सनला गेले आणि आकाशगंगेच्या पट्ट्याचे फोटो काढले. १९०७ मध्ये त्यांनी वृषभेतल्या तुझ्याच भागावर लेख लिहिला. काळे डाग त्यांना आधीपासून दिसत होते, पण ती आकाशातली भोकं आहेत, तिथे तारे नाहीत म्हणून काळं दिसतं, असं त्यांना बराच काळ वाटत होतं. १९१३ च्या उन्हाळ्यातल्या एका स्वच्छ रात्री धनू राशीतल्या दाट ताऱ्यांवरून लहान लहान ढग सरकत होते. आपले नेहमीचे, पावसाचे असतात तसलेच, फक्त फार छोटे. उजळ आकाशगंगेपुढे ते त्यांना शाईच्या थेंबांसारखे काळे दिसले. स्वतःच्या प्लेटांवरचे डाग थेट तसेच. १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या जागांची यादी छापली. तरी त्या यादीबरोबरसुद्धा त्यांनी बजावलं की सगळेच डाग ढग आहेत असं धरून चालणं शहाणपणाचं नाही. १९२३ मध्ये ते गेले. तुझ्या धाग्याचे नंबर २०० च्या पुढचे आहेत, कारण ते १९२७ च्या ॲटलासमधले. तो ॲटलास त्यांच्या बायकोची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिने पुरा करायला मदत केली. त्यात छापील चित्रं नव्हती, खऱ्या फोटो प्रिंट चिकटवल्या होत्या, आणि बर्नार्डनी हयात असताना त्या स्वतः तपासल्या होत्या. ७०० प्रतींच्या सगळ्या प्रिंट. मी वर्षाला किती प्रिंट तपासू शकायचो ते मला माहीत आहे, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

तारे तिथे कसे जन्मतात हे मला नीट सांगता येणार नाही. मला एवढंच कळतं की प्रत्येक काळ्या मेघात तारे घडत असतात. बाकी इथे शिकलेली मंडळी आहेत, ती सांगतील.

मिलिमीटर

काका, कॅमेरा फिरवायची आणि तारे मोजायची युक्ती अचूक आहे. तारे मोजणं ही तर जुनी शास्त्रीय पद्धत आहे. हायडेलबर्गच्या मॅक्स वोल्फनी १९२३ मध्ये असेच चौकोन आखून मंद-तेजस्वी तारे वेगवेगळे मोजले आणि त्यावरून मेघ किती दूर आणि किती दाट आहे याचा अंदाज बांधला. मेघात जे थोडे तारे दिसतात ते बहुतेक मेघाच्या अलीकडचे असतात, हे त्यामागचं मर्म.

फक्त शेवटच्या वाक्यावर माझी हरकत आहे. प्रत्येक काळ्या मेघात तारे घडत नाहीत. भुजंगधारीतला पाइप नेब्युला बघा. एवढा मोठा मेघ, पण त्याचं एक टोक, बर्नार्ड ५९, सोडलं तर जवळजवळ सगळा निवांत पडून आहे. त्याच भागातला बर्नार्ड ६८ छोटासा गोळा आहे, अर्ध्या प्रकाशवर्षाचा. साध्या प्रकाशात त्याच्या मध्यात एकही तारा दिसत नाही, इन्फ्रारेडमध्ये पाहिलं की मागचे तारे आरपार दिसतात. २००१ मध्ये चिलीतल्या दुर्बिणींनी त्या ताऱ्यांचा तांबूसपणा मोजून गोळ्याची आतली घनता काढली. त्याच्या पोटात अजून तारा नाही. म्हणजे अंधार दिसला की पाळणा हलला असं समजू नये.

आता ओंजळभर, तुझा खरा प्रश्न. तू विचारलंस, जिथे तारा दिसत नाही तिथे तारा जन्मतो कसा. उत्तर असं आहे की अंधार आहे म्हणूनच जन्मतो. अंधार कशाचा, ते आधी बघू. हा मेघ बहुतांशी हायड्रोजनचा. धूळ वजनाने शंभरात एक भाग असेल, कण चुलीच्या धुरातल्या कणांएवढे बारीक. दाट भागात एका घन सेंटिमीटरमध्ये दहा हजार ते लाखभर रेणू. तू आत्ता श्वासात घेतेस त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके. म्हणजे हा "दाट" मेघ आपल्या दृष्टीने निर्वातच. पण तुझ्या धाग्याची जाडीच प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे, साधारण ३ लाख कोटी किलोमीटर. एवढ्या लांबवर विरळ धूर पसरला तरी मागचं काही दिसायचं नाही.

हा धूर बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश आत येऊ देत नाही. त्यामुळे आतला वायू तापत नाही, आणि अतिनील किरण रेणूंना तोडत नाहीत. जी थोडी ऊब असते ती कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू मिलिमीटर लहरींच्या रूपाने बाहेर टाकतात. शेवटी आतलं तापमान १० केल्विनपर्यंत उतरतं, उणे २६३ अंश. गरम वायू फुगायला बघतो, थंड वायूला तेवढा जोर राहत नाही. मग गुरुत्वाकर्षणाची सरशी होते, धाग्यात गाठी पडतात, आणि पुरेशी जड गाठ स्वतःच्याच वजनाने आत कोसळायला लागते. तू लिहिलंस ना, ओरखडा दोनतीन ठिकाणी जाड होतो? मोठ्या दुर्बिणींनी याच धाग्यात अशा गाठी मोजल्या आहेत, काहींमध्ये कोवळे तारेही आहेत. तुझ्या १३५ मिलिमीटरमध्ये खुद्द गाठी सुट्या होणार नाहीत, पण मेघ जिथे दाट होतो ते तुला बरोबर दिसलंय.

गोम अशी की हायड्रोजनचा रेणू इतक्या थंडीत काहीच बोलत नाही. म्हणून आम्ही रेडिओ दुर्बिणीने कार्बन मोनॉक्साइड ऐकतो. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी मृगातल्या मेघात त्याची २.६ मिलिमीटरची लहर पहिल्यांदा पकडली, तेव्हापासून काळे मेघ खऱ्या अर्थाने उघडे झाले. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला लोक याबद्दल विचारतात, पण ती मीटरच्या आसपासच्या लहरींसाठी बांधलेली आहे, हा आवाज तिच्या कानापलीकडचा. याच लहरीने वृषभेतला सगळा मेघ मोजला गेला तेव्हा त्यात सुमारे २४,००० सूर्यांएवढं द्रव्य निघालं. आणि तिथले कोवळे तारे किती? काही शेकडा. मृगासारखे भडक निळे मोठे तारे इथे नाहीत, म्हणून हा मेघ कुणी उजळून टाकलेला नाही, म्हणून तो काळा. इथे छोटे तारे घडतात, सूर्यासारखे आणि त्याहून लहान. आपला सूर्यही कधीकाळी अशाच एका गाठीतून निघाला. तो मेघ कधीच विरून गेला.

आता तुझ्याच फोटोत एक गोष्ट शोध. उत्तर दिशा वर ठेव. धाग्यापासून डावीकडे चार-साडेचार अंश आणि एक अंश खाली जा. तुझ्या फ्रेमच्या डाव्या कडेजवळ जो काळपट डाग येतो, त्या भागात एल १५२७ नावाची गाठ आहे. तिथे तुला काहीही दिसणार नाही. पण २०२२ च्या नोव्हेंबरात जेम्स वेब दुर्बिणीचा एक फोटो आला, निळ्या-केशरी वाळूच्या घड्याळासारखा. तो इथला. मध्ये जेमतेम लाखभर वर्षांचं तारा-बाळ आहे, आणि घड्याळाच्या कमरेत काळी आडवी रेघ आहे ती त्याच्याभोवतीची तबकडी. हे सगळं तुझ्या सेन्सरच्या मोजक्या पिक्सेलमागे आहे. तू तीन तास त्याच्याकडे कॅमेरा लावून बसली होतीस.

स्टॅकवाला

काका, माझा सल्ला चुकला. जागा न तपासताच लिहिलं. मॅप उघडून पाहिलं, बर्नार्ड २११ च आहे.

आता नीट लिहितो. ओंजळभर, तुझ्या अशा फ्रेममध्ये बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन पूर्ण टाळता येणार नाही, गावाच्या बाजूचा उजेड काढावाच लागेल. पण डिग्री १ ठेव. डिग्री १ म्हणजे सॉफ्टवेअर फक्त एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे चढणारा सरळ उतार काढतं. डिग्री ४ दिली की ते मेघाच्या खड्ड्याखड्ड्यात शिरतं आणि सगळं भरून टाकतं. सॅम्पल पॉइंट ऑटोमॅटिक टाकू नकोस. हाताने सात-आठच टाक, आणि तेही जिथे तारे सर्वात दाट आहेत तिथे, कारण मेघ नसलेलं खरं आकाश तिथेच आहे. एका क्लिकवर ग्रेडियंट काढणारी एआय टूल्स इथे वापरू नकोस. वृषभेत ती धुळीला घाण समजतात.

आणि स्ट्रेच करण्याआधी तारे वेगळे काढ, मेघ हळूहळू वर आण, मग तारे परत बसव. काळं अगदी शून्यावर न्यायचं नाही. या मेघाचा रंग काळा नाही, तपकिरी आहे, आकाशगंगेचा पुसट उजेड त्याच्यावर पडतो. ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं काळं धरलं जातं ती पातळी) जास्त ओढला की तो तपकिरी रंग मरतो.

फ्लॅटचं मात्र अजूनही म्हणतो, उपरणं नको. स्वच्छ पांढरा टी-शर्ट एकपदरी, पहाटेच्या आकाशाकडे, ट्रॅकर बंद.

कोकणकडा

फार छान चर्चा. माझ्याकडे ट्रॅकर नाही, फक्त बायनॅक्युलर. यातलं काही नुसत्या डोळ्यांनी दिसतं का? मी देवगडला असतो.

डार्करूम_सांगली

दिसतं, आणि मोठ्यातलं मोठं आधी दिसतं. उन्हाळ्यात आकाशगंगा हंसापासून खाली वृश्चिकाकडे येताना मधोमध दुभंगलेली दिसते. ती फट म्हणजेच काळे मेघ, ओळीने. दसऱ्यानंतर संध्याकाळी श्रवण नक्षत्र वर असतं तेव्हा बायनॅक्युलर श्रवणाच्या शेजारच्या तारझेद या ताऱ्यावर लावा, तिथून अंश-दीड अंश पश्चिमेला बर्नार्ड १४२ आणि १४३ मिळून इंग्रजी ई अक्षर होतं. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ते अक्षर सापडत नाही, आधी अर्धा तास मोबाइल बघू नका.

तुम्ही देवगडला आहात तर मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू बघा. त्याला चिकटून कोलसॅक नावाचा मोठा काळा मेघ आहे. तुमच्याकडून क्षितिजापासून दहा-अकरा अंशच वर येतो, म्हणजे हात ताणून धरलेल्या एका मुठीएवढा. दक्षिणेला मासेमारीच्या बोटींचे दिवे नसतील अशी रात्र गाठा. मी तो एकदाच पाहिलाय, मालवणच्या पुढे एका कड्यावरून.

आणि मिलिमीटर ताई, हरकत मान्य. बर्नार्डनीही बजावलं होतं आणि मी ते वर स्वतः लिहूनसुद्धा विसरलो. पाइप नेब्युलाची माझ्याकडे १९९८ ची निगेटिव्ह आहे. बर्नार्ड ५९ कुठे येतो ते आता शोधतो.

ओंजळभर_तारे

उशीर झाला, माफ करा. शनिवारी परत मामाकडे गेले होते.

कॅमेरा ९० अंशात फिरवून २० मिनिटं घेतली. ओरखडा ताऱ्यांबरोबर जागच्या जागी आहे, कॅमेऱ्याबरोबर अजिबात फिरला नाही. मोजणीही केली. २०० बाय २०० पिक्सेलचा चौकोन, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दोनतृतीयांश रुंदीचा. ओरखड्यावर २३ तारे, लगेच बाजूला १४८. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा भावाने.

स्टॅकवाले, डिग्री १ आणि हाताने टाकलेले आठ पॉइंट, एवढ्याने चित्र पार बदललं. तुम्ही म्हणालात तसा तपकिरी रंग आला. धाग्याला बाजूने फार बारीक तंतू आहेत, त्याला जवळपास काटकोनात. आधीच्या प्रोसेसिंगमध्ये ते पूर्ण गेले होते. ते खरे आहेत ना, की फोटोतल्या गोंगाटातून (नॉइज) मला दिसताहेत?

मामाला प्रिंट दाखवली. एल १५२७ ची जागा पेन्सिलने गोल करून सांगितलं की इथे तारा तयार होतोय, लाख वर्षांचा आहे. त्याने प्रिंट खिडकीशी नेऊन तिरकी करून पाहिली. मग विचारलं, "मग तिथं पाणी असंल का?" मी शोधून सांगते म्हटलं. याच मेघातल्या एल १५४४ नावाच्या गाठीत पाण्याची वाफ सापडली आहे, २०१२ मध्ये हर्शेल दुर्बिणीला, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दोन हजार पटींहून जास्त. आणि त्या गाठीत अजून तारा झालेला नाही. फोन करून सांगितलं तर पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, नुसता मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पुढच्या वेळी येशील तेव्हा मला उठव."

मिलिमीटर ताई, आता पुढची फ्रेम दक्षिणेला सहा-सात अंश सरकवायचा विचार आहे, रोहिणी शकटाच्या (रोहिणीपाशी इंग्रजी व्हीसारखे दिसणारे तारे) दुसऱ्या टोकाकडे. टी टॉरी हा कोवळा तारा तिथेच आहे ना, शकटाच्या त्या टोकापासून अंश-दीड अंशावर? १८५२ मध्ये हाइंड या खगोलशास्त्रज्ञाला त्याच्या शेजारी जो लहानसा तेजोमेघ दिसला होता, तो १३५ मिलिमीटरमध्ये निदान ठिपक्याएवढा तरी येईल का?

मिलिमीटर

तंतू खरे आहेत. हर्शेल दुर्बिणीच्या नकाशात धाग्याला काटकोनात येणारे असेच तंतू दिसले, त्यांच्यावाटे वायू मुख्य धाग्यात येत असावा असं मानलं जातं. तुझ्या फोटोतल्या तंतूंची दिशा त्या नकाशाशी ताडून बघ आणि इथे टाक, मला बघायचंय.

टी टॉरी तिथेच, बरोबर. या जातीच्या कोवळ्या ताऱ्यांना नाव त्याच्यावरूनच पडलं, १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉयनी त्यांचा गट वेगळा काढला तेव्हा. हाइंडचा तेजोमेघ १३५ मध्ये ताऱ्याला चिकटलेला पुसट डाग येईल, त्याहून जास्त नाही. पण त्याच फ्रेममध्ये, टी टॉरीपासून रोहिणीच्या दिशेने अडीच अंशांवर, एचएल टॉरी हा दुसरा कोवळा तारा आहे. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणीला ज्याच्याभोवती तबकडीतल्या काळ्या-उजळ कड्या दिसल्या तो. सब ९० सेकंदांचेच ठेव, वाढवू नकोस, झगझगीत रोहिणी जवळ आहे.